पाठीवरचे पाणी

विमलबाईने आणखी एक तांब्या बोकडाच्या पाठीवर ओतला आणि दोघी श्वास रोखून बघत राहिल्या.

बोकडाचे कान हलले. मान किंचित ताठ झाली. मग त्याने अंग जोरात झाडले आणि सत्यभामाबाईंच्या पांढऱ्या पातळावर पाण्याचे शिंतोडे उडाले.

"उद्या पुन्हा," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या.

सत्यभामाबाई तालुक्याच्या गावच्या जीवदया मंडळाच्या. यजमान वकील होते. ते गेल्यावर त्यांनी मंडळाच्या कामाला वाहून घेतले होते. जानेफळच्या पलीकडच्या या गावात मरीमायच्या जत्रेला दरवर्षी बोकड कापत. गेल्या जत्रेत देवळासमोर उभे राहून त्यांनी भाषण केले होते. मुक्या प्राण्याचा जीव, नवे राज्य, नवे विचार, सगळे सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. टाळ्याही वाजवल्या. नंतर देवीचा भगत निवृत्ती हात जोडून म्हणाला होता, "बाई, भाषन बेस झालं. आता जेवूनच जा." तोवर चुलीवर रस्सा चढला होता.

त्या उपाशीच परतल्या. पण हरल्या नव्हत्या.

भाषणाने काम होत नाही हे त्यांना कळले होते. म्हणून या वर्षी त्यांनी गावाची रीतच नीट विचारून घेतली. बोकड गावाचा असे, पण एकेका घराने तो पाळीपाळीने वाढवायचा. जत्रेच्या दिवशी त्याला देवीसमोर उभा करून पाठीवर पाणी टाकायचे. त्याने अंग झाडले, म्हणजे देवीने पसंत केला. तोवर सुरी उचलायची नाही. दिवस मावळेपर्यंत बोकडाने अंग झाडलेच नाही, तर देवीने नाकारला. मग तो मोकळा सुटे आणि जन्मभर कोणी त्याला हात लावत नसे.

या वर्षी पाळी विमलबाईची होती.

बोकडाची आई तो अगदी लहान असतानाच मेली. विमलबाईने त्याला चिंधी दुधात बुडवून पाजले होते. तो तिच्या मागे विहिरीपर्यंत जाई आणि शेजारणी तिला हसत. "धाकला आला का वं संगं?" असे विचारत. ती रागवत नसे. सत्यभामाबाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा तिने चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करून विचारले, "वाचवसान का बाई, माह्या पोराले?"

वाचवीन, असे त्या म्हणाल्या होत्या. एवढा मोठा शब्द याआधी त्यांनी कोणाला दिला नव्हता.

मग रोज पाणी सुरू झाले. कधी गार, कधी कोमट. पाणी पडताना समोर बाभळीच्या शेंगा धरायच्या, म्हणजे त्याचे लक्ष खाण्यात राही. सत्यभामाबाई एस.टी.ने आणि पुढे चालत येत. पाय सुजले, मंडळातल्या लोकांनी वेड्यात काढले, तरी येत राहिल्या. सुरुवातीला बोकड दर वेळी अंग झाडी. मग कधीतरी झाडी. थंडी संपता संपता त्याला पाण्याचे काहीच वाटेनासे झाले. हलगीलाही तो बुजू नये म्हणून विमलबाई त्याच्या कानाशी डबा बडवी. तो आपला शेंगा खात राही.

जत्रेच्या आदल्या दिवशी सत्यभामाबाई निवृत्तीच्या दारात गेल्या. पंच तिथेच बसले होते. त्या म्हणाल्या, बोकडाने अंग झाडले तर या गावात पुन्हा पाऊल टाकणार नाही. पण नाही झाडले, तर गावाने देवीचे ऐकावे.

निवृत्तीने पंचांकडे पाहिले. "मायनं नाही म्हनलं तं आमी कोन सुरी धरनारे?" तो म्हणाला. "पन तुमी ऐकसान का तिचं?"

"ऐकीन."

"पंचाईसमोर म्हनून राह्यल्या बाई."

"हो. पंचांसमोरच."

जत्रेच्या दिवशी बोकडाला हळद लावली, गळ्यात झेंडूची माळ घातली. हलगी घुमू लागली. निवृत्तीने पाणी टाकले. बोकड उभा राहिला. पुन्हा टाकले. त्याने माळेतले एक फूल खाल्ले. कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. विमलबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. पाणी पडत राहिले, पाठीवरून ओघळत राहिले. उन्हं देवळाच्या भिंतीवरून वर सरकली, कळसावर गेली आणि विझली.

निवृत्तीने हात वर केला. हलगी थांबली.

सत्यभामाबाई आरडाओरड होईल म्हणून तयार होत्या. प्रसंगी बोकडाच्या अंगावर आडवे पडायचे, असेही त्यांनी ठरवले होते. पण कोणी ओरडले नाही. बायाबापड्यांनी देवीला हात जोडले. निवृत्तीने स्वतः बोकडाचे दावे सोडून विमलबाईच्या हातात दिले. ती तिथेच खाली बसली आणि ओल्या बोकडाला मिठी मारून रडू लागली.

सत्यभामाबाईंनी पदराने चष्मा पुसला. त्या निवृत्तीजवळ गेल्या.

"तुम्ही शब्द पाळलात."

"आपला काय शब्द बाई. माय बोलली, आपन ऐकलं." निवृत्ती सुरीवरचे कुंकू अंगठ्याने सारखे करत होता. "माह्या बापाच्या काळातबी असंच झालतं. बोकड हाललाच नाही."

"मग काय केलं त्यांनी?"

निवृत्तीने मागे वळून रामराव नावाच्या एका शेतकऱ्याला खूण केली. गर्दीने वाट दिली. रामराव आपला काळा रेडा कासरा धरून ओढत आणत होता.

"मायले लहान जनावर नको होतं," निवृत्ती म्हणाला. "आन बाई, याले पानी टाकून इचाराची रीत नाही."