बायकोची वाचा

सकाळी बायकोने न्हाव्यापुढे चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "चादर उकळून ये, बशी लांब झाली."

न्हावी हसला. "सकाळी सकाळी थट्टा सुचतेय वाटतं?"

ती हसली नाही. तिने पुन्हा काहीतरी विचारलं. त्यातला एक शब्द दुसऱ्याला ओळखत नव्हता. मग ती घाबरून शेजाऱ्याकडे धावली. त्याने गाडी काढली आणि थोड्याच वेळात नवरा-बायको दवाखान्यात पोचली. बायकोची वाचा गेली, हे न्हाव्याला त्या दिवशी कळलं.

डॉक्टर मान हलवत काहीबाही पुटपुटला. डॉक्टरांचं बोलणं आजवर कुणाला कळलंय? न्हाव्याने खोदून विचारलं नाही.

दवाखान्यातल्या खोलीत एकच कॉट होती. बायको त्यावर निजायला तयारच होईना, खुर्चीत बसून राहायची.

"अगं, आजारी तू आणि लोळतोय मी! लोक काय म्हणतील?"

ती नुसती डोळे पुसायची. कॉट वाया जाऊ नये म्हणून शेवटी तोच आडवा व्हायचा.

दुकानात कात्रीपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. "अहो, गिऱ्हाईक केस कापायला येतं, तुमचं पुराण ऐकायला नाही," असा ती टोमणा मारायची. तिच्या तोंडून पुन्हा एखादा टोमणा ऐकायला मिळावा, एवढंच आता त्याला हवं होतं.

मग बोलायला शिकवणारी बाई येऊ लागली. परमुलुखातली असावी, तिचं बोलणं न्हाव्याच्या डोक्यावरून जाई. तिने पाटीएवढं यंत्र आणलं. पडद्यावर चित्रं होती: पेला, उशी, गोळी, खिडकी. चित्रावर बोट ठेवलं की यंत्र बोले, तेही बाईच्याच भाषेत. बाई आधी त्यालाच शिकवी. बरोबरच होतं. घरी गेल्यावर बायकोला शिकवायचं कुणी? तो मन लावून शिकला. त्याने पेला दाबला की बायको पाणी आणून देई.

"पाहा बाई, चित्रं कळतात हिला!" तो खूश होऊन सांगे.

एका दुपारी बाईने पडद्यावरचं लाल बटण दाखवलं, मग त्याच्या तोंडाकडे बोट केलं. आवाज साठवायचा होता. न्हाव्याला पटलं. यंत्रातून नवऱ्याचा आवाज आला, तर बायकोला धीर येईल. त्याने घसा साफ केला, तिचा हात हातात घेतला आणि एकेक शब्द तोडून सावकाश म्हणाला, "घाबरू नकोस. मी आहे ना तुझ्याजवळ."

बायको रडू लागली.

बाईने बटण दाबलं. आवाज त्याचाच होता, खणखणीत.

"दोरखंड शिजू दे. ती पायरी नळाला गेली ना खारट."

न्हाव्याने स्वतः बटण दाबलं. पुन्हा तेच.

तो बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिला. तिला धीर द्यायचं अजून राहूनच गेलं होतं.