निळ्या पट्ट्याच्या कालवडी

बादलीत अजून निम्मं दूध होतं, तेवढ्यात गोठ्याचं दार सरकलं. लोर्नाने दोन्ही बादल्या कठड्यावरून काढल्या आणि पेंढ्याच्या गठ्ठ्यांमागे ढकलल्या. पुढच्या कालवडीच्या तोंडाला फेस लागला होता. तो तिने बाहीने पुसला.

आत आला तो क्लेटन.

"एवढ्यात झालं?" तिने विचारलं.

"हातमोजे विसरलो. माळ्यावर बोटं गळून पडायची वेळ आलीय." त्याने खणात डोकावून पाहिलं. "आज या गप्प कशा?"

"रडून रडून दमल्या असतील."

क्लेटनने तिच्या ओल्या बाहीकडे पाहिलं. हातमोजे उचलले आणि तो परत शिडी चढला.

रोज दुपारी दोनला तिचा सहकारी क्लेटन माळ्यावर जाऊन कॅमेऱ्यांची कार्डं बदलायचा. तेवढी वीस मिनिटं कॅमेरे बंद असत. लोर्नाला तेवढीच मिळायची.

ऑन्टारियोमधल्या त्या शेतकी कॉलेजच्या गोठ्यात ती एकवीस वर्षं वासरं सांभाळत होती. या हिवाळ्यात तिथे बाहेरून आलेल्या डॉक्टर मार्गोट हेमिंग यांचा प्रयोग चालू होता. वीस कालवडी. जन्मल्यावर दोन तासांच्या आत सगळ्यांना सारखाच चीक पाजला. मग दहाजणींच्या गळ्यात लाल पट्टा, दहाजणींच्या निळा. लाल पट्ट्याला दिवसाला आठ लिटर दूध, निळ्याला चार. कोण किती वेळ निजते, कोण उड्या मारते, कोण रिकामं रबरी बोंड चोखत बसते, सगळं कॅमेरे टिपत होते.

पाचव्या दिवशी निळ्या पट्ट्याच्या एका कालवडीने शेजारणीचा कान चोखून चोखून लाल केला. लोर्ना तडक डॉक्टरांकडे गेली.

"उपाशी आहेत हो त्या."

"चार म्हणजे चार," कागदांतून मान वर न करता डॉक्टर म्हणाल्या. "कितीही हंबरल्या तरी. माझ्या मापाला कुणी हात लावला, तर त्याच दिवशी त्याची नोकरी गेली."

त्या दिवशी घरी निघताना लोर्ना गाडीत नुसतीच बसून राहिली. हंबरणं काच बंद केली तरी ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवसापासून, डुकरांकडे जाणाऱ्या जास्तीच्या दुधातून, निळ्या पट्ट्याच्या प्रत्येकीला आणखी चार लिटर मिळू लागलं.

आठवडाभरात खण शांत झाले. कालवडी पेंढ्यात पाय पसरून झोपायच्या, उठल्या की शेपट्या वर करून धावायच्या.

"माझ्या सासऱ्यापेक्षा मोठ्याने घोरतात या," क्लेटन म्हणाला. लोर्ना हसली, पण त्याच्या नजरेला नजर द्यायचं तिने टाळलं.

तिसऱ्या आठवड्यात वजनं झाली. निळ्या पट्ट्याच्या लाल पट्ट्याच्यांइतक्याच भरल्या. डॉक्टरांनी काटा तपासून घेतला. पुन्हा वजनं केली. मग दोघांना खणासमोर उभं केलं.

"इथे माझ्या मापाबाहेर काही जातंय का?"

लोर्नाने मान हलवली. "नाही."

"क्लेटन?"

क्लेटनने टोपी कानांवर ओढली. "मी तर काही पाहिलं नाही, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्टूल घेऊन खणासमोर येऊन बसल्या. तीन दिवस बसल्या. तीन दिवस लोर्नाला चारवर एक थेंब घालता आला नाही. कालवडी कठड्याला डोकी घासत हंबरत राहिल्या. डॉक्टर मांडीवरच्या वहीत लिहीत राहिल्या.

"एरवी अशा ओरडत नाहीत," तिसऱ्या संध्याकाळी क्लेटन सहज बोलल्यासारखा म्हणाला. "अनोळखी माणूस दिसलं की बिथरतात."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, लोर्नाकडे पाहिलं, आणि स्टूल उचललं.

"तू का बोललास?" त्या गेल्यावर लोर्नाने विचारलं.

"मलाही कान आहेत ना. पण बाई, पुढच्या वेळी मी नाही सावरणार."

चौथ्या दिवशी दोन वाजता बादल्या पुन्हा कठड्यावर लागल्या.

सहाव्या आठवड्यात शेवटची वजनं झाली. त्यानंतर चार दिवसांनी डॉक्टरांचा निरोप आला, लोर्नाला एकटीलाच. तिने अंगावरचा कोट काढून खुंटीला लावला, गोठ्याच्या किल्ल्या मुठीत घेतल्या. क्लेटन वाटेत उभा होता. तो बाजूला झाला.

डॉक्टर खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"दार लाव."

लोर्नाने दार लावलं. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "डॉक्टर, जे काही आहे ते माझं एकटीचं..."

"आधी माझं ऐक." त्या वळल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "तुझ्यावर उगाच संशय घेतला मी. काट्यावर घेतला, क्लेटनवर घेतला. स्वतःची चूक सोडून सगळ्यांवर घेतला."

"कसली चूक?"

"वीस वर्षं मी घसा फोडून सांगतेय, चार लिटरवर वासरं उपाशी राहतात. दूध उत्पादक मंडळ म्हणालं, दाखवून दे, आम्ही आठचा नियम करतो. म्हणून तर चारला हात लावू दिला नाही. मला वाटलं होतं, या दहाजणी सहा आठवडे सोसतील आणि पुढच्या साऱ्या सुटतील." त्या खुर्चीत बसल्या. "आणि त्या तर लाल पट्ट्याच्या बरोबरीने वाढल्या. धावल्या, निजल्या. सोसलंच नाही काही."

लोर्नाने टेबलाची कड धरली.

"काल निकाल पाठवला. खोटं कसं लिहू? आत्ता मंडळाचा फोन आला. सोमवारपासून प्रांतातल्या सगळ्या गोठ्यांत चारच लिटर."