घर एकदाच जळतं

२००२ सालच्या चैत्रात 'भस्मयुग'चा चौथा भाग एका घरापाशी येऊन अडला होता. जाळायला घर हवं होतं, आणि ते खरं हवं होतं.

आधीचे तीन भाग येऊन गेल्याला सतरा वर्षं उलटली होती. जग जळून गेल्यावर उरलीसुरली माणसं मोटारसायकलींवरून पाण्यासाठी लढतात, असे ते हिंदी सिनेमे. चित्रण पोलादपुरात व्हायचं. पावसाआधी इथे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, उतारच्या उतार काळे पडतात, आणि मुंबईच्या माणसांना तो जगाचा शेवट वाटायचा. महाडच्या पोराटोरांना तेव्हा त्यातले संवाद पाठ होते. निशिगंधाही त्यातलीच. आता त्याच सिनेमाचं कलादिग्दर्शन तिच्याकडे आलं होतं. पहिलंच काम.

मूळ निर्मात्याचा मुलगा निषाद ही मालिका पुन्हा उभी करू पाहत होता. वितरकांचा विश्वास बसत नव्हता. त्यांना दाखवायला एकच प्रसंग चित्रित करायचा होता. चढावरून गाड्या उसळत येतात आणि त्यांच्यामागे घर पेट घेतं. तो जमला तर सिनेमा, नाहीतर 'भस्मयुग'चं नाव कायमचं मिटलं.

"घर एकदाच जळतं," निषाद उठता-बसता बजावायचा.

घर सुनीलनं शोधून दिलं. स्थानिक व्यवस्था तो बघायचा. पांढरे बूट, शुद्ध बोलणं. आपण महाडच्या मास्तरांच्या घरातले, असं त्यानं सांगितलं होतं. चित्रपट झाला तर निषाद त्याला कायमचा मुंबईला नेणार होता. आंबेनळीच्या अंगाला एक वाडी होती. दोन घरं सोडली तर सगळी ओस. हे घर रिकामंच आहे, मालकाची संमती आहे, एक म्हातारी तेवढी राखणीला राहते, असं तो म्हणाला.

"आजी, तुम्ही कुणाच्या?" निशिगंधानं विचारलं.

म्हाताऱ्या भागूबाईनं सुनीलकडे पाहिलं, मग चुलीकडे. "राखनीला हाय, बाय."

जेवायला तिनं सगळ्यांना भाकरी वाढली. सुनीलच्या पानात तेवढं न विचारता सुकट घातलं. आपण ते खात नाही म्हणत त्यानं पान सारलं. वाटेतल्या प्रत्येकाला काका-मावशी करणारा हा मुलगा. भागूबाईला मात्र तो कशानंच हाक मारत नसे. निशिगंधाला ते खटकलं. एवढी कसली घमेंड, असं वाटून गेलं.

चित्रणाच्या दिवशी सकाळी भागूबाई अंगण सारवत होती.

"आजी, हे आता जळणार ना!"

"जळनार हाय म्हनून काय पारोसं ठेवू?"

मग तिनं देव पदरात घेतले, कोंबड्या डालग्याखाली झाकल्या आणि शेजारच्या नाथूबरोबर आंब्याखाली जाऊन बसली. नाथू बकऱ्या राखायचा. तो सुनीलशी बोलला नाही. थुंकला आणि तोंड फिरवलं.

डोंगरात बिनतारी यंत्रं चालत नव्हती. कॅमेरा खालच्या वळणावर, आग लावणारे घराच्या मागल्या भिंतीशी. चढ आणि दार दोन्ही दिसतील अशा कातळावर सुनीलला उभं केलं. गाड्या दिसल्या की त्यानं ओरडायचं, निशिगंधानं हात खाली करायचा, पलिते आत पडायचे. पलितेवाले हिंदीभाषक.

"लांबण नको," निषाद म्हणाला. "नुसतं 'आये' म्हण."

सुनील घुटमळला. दुसरा शब्द नाही का चालणार, असं त्यानं विचारलं. पलितेवाल्यांना कळेल असंच हवं, म्हणून निषादनं ते उडवून लावलं.

निशिगंधा मागल्या भिंतीशी हात वर करून उभी राहिली. समोर पेंढा, नाकात रॉकेलचा वास. वारा पडला होता. आणि कातळावरून आवाज फुटला.

"आये! आये!"

तिनं हात खाली केला.

पेंढा भडकन पेटला. गाड्यांचा आवाज मात्र कुठेच नव्हता. ती धावत पुढे आली तेव्हा सुनील धुरात शिरत होता. क्षणभरात त्यानं भागूबाईला ओढून बाहेर काढलं. तिचे केस होरपळले होते, उजवा हात सोलला होता आणि काखेत एक खुडुक कोंबडी फडफडत होती. डालग्याखालून सुटून ती माळ्यावरच्या अंड्यांकडे परतली होती, आणि तिच्यामागे म्हातारी.

गाड्या आल्या तेव्हा छप्पर खाली बसलं होतं.

परक्या म्हातारीसाठी जीव धोक्यात घातला, म्हणून काहींनी सुनीलची पाठ थोपटली. निषादनं त्याची गचांडी धरली. गाड्या नसताना हाक का दिली?

सुनील खाली मान घालून होता. बुटांवर काजळी बसली होती. "चुकलं," तो म्हणाला. "गाड्या आल्यासारखं वाटलं."

"त्याला बोलू नका," भागूबाई कोंबडीला चुचकारत म्हणाली. "परक्याचा पोर हाय."

हे ऐकून सुनील जो उठला, तो उताराच्या कडेला जाऊन पाठमोरा बसला. गाड्या भरून सगळे निघाले तरी वळला नाही.

चौथा भाग झालाच नाही. निषाद साबणाच्या जाहिराती करू लागला. निशिगंधा महाडला परतून शाळेत चित्रकला शिकवू लागली. आग तिच्या हातानं लागली होती. वर्गात पोरांना थांबवायला हात वर केला की तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. सुनीलनं सिनेमा सोडला आणि पाचाडला खानावळ टाकली.

पाच-सहा वर्षांनी पोलादपूरच्या स्टँडवर तिला नाथू भेटला. भागूबाई गेल्या भादव्यात वारली, सुनीलकडेच होती, असं त्यानं सांगितलं.

"बरं केलं त्यानं, परकी असून सांभाळलं," निशिगंधा म्हणाली. "नाहीतरी त्याच्याच चुकीच्या हाकेनं ती भाजली होती."

नाथूनं तिच्याकडे नीट पाहिलं.

"चुकीची कसली, बाय? आमच्यात आयसला आयेच म्हनतात."