माणशी एक गळ

व्हर्ना नवऱ्याला मासेमारीच्या सामानाच्या दुकानात तसाच उभा ठेवून त्याच्या बोटीसकट निघून गेली. असं काही घडलेलंच नाही. मिनेसोटातल्या त्या गावात कुणालाही विचारा. लोक सभ्य आहेत, हवापाण्याचं बोलतील.

तर जे घडलं नाही ते असं.

“हीच घे,” आर्लन म्हणाला. त्याच्या हातात लांबलचक, लवचीक काठी होती. वॉलआय मासा धरायला बोट रेंगाळत हाकायची आणि गळ मागून ओढत न्यायचा, त्यासाठीची.

व्हर्नाने मात्र आखूड, हलकी काठी उचलली होती. मासा नुसता हुंगून गेला तरी तळव्याला कळेल अशी. मुलं मोठी होऊन घरं करून राहिली, तेव्हा कुठे आर्लनने तिला बोटीवर बोलावलं होतं. तेही आज, मोसमाच्या पहिल्या दिवशी. ‘तुला तुझी काठी घेऊ,’ असंही म्हणाला होता. तिने पहाटे उठून अंड्याची सँडविचं केली होती. लिपस्टिक लावली होती. माशांसाठी नव्हे.

“मला ही हवी. हातात छान बसते.”

“हातात कशाला बसायला पाहिजे? बोटीच्या कडेला नळीत खोचायची असते ती.”

“आणि मासा लागला की?”

“मी ओढीन.”

“मग मी काय करू?”

आर्लनने खरोखर विचार केला. “तू बस ना.”

“वेगळंच आहे हं हे,” व्हर्ना म्हणाली.

त्या भागात याहून घाण शिवी नाही. शेजारी आमिषं निवडणारे दोघे गुपचूप गमबुटांकडे सरकले. गल्ल्यावरच्या ऑरिनला मात्र ऐकू कमी यायचं आणि सांगायला फार आवडायचं.

“काय रे आर्लन, तुझा बोटीवरचा जोडीदार ड्वेन नाही आला यंदा?”

“गुडघा बदललाय त्याचा.”

“हां, मग बरोबर! कायदाच आहे ना, माणशी एक गळ. एकटा गेलास तर दुसरी काठी लावायची कुणाच्या नावावर?” त्याने व्हर्नाकडे कौतुकाने पाहिलं. “शिवाय मासेही माणशी मोजूनच धरायचे, तर हिच्या वाटणीचेही तुलाच धरता येतील!”

व्हर्नाची कानशिलं तापली. आमंत्रण तिला नव्हतंच. तिच्या मुंडीला होतं.

“ड्वेनला काठी धरू द्यायचास?” तिने विचारलं.

“ड्वेनला येतं गं.”

ती दोन पावलं पुढे आली. आर्लनच्या हातातली काठी तिने अशी हिसकावली, की वर टांगलेल्या टोप्या खाली पडल्या.

“गाडीची चावी दे.”

“कशाला?”

“सँडविचं गाडीत आहेत.”

ते खरं होतं. बोटही गाडीलाच जोडलेली होती. आर्लनला भूक लागली होती, त्याने जुडगा काढून दिला.

दोन्ही काठ्या गल्ल्यावर आपटल्या तसा ऑरिनही सावरून बसला. “परवाना… नवरा-बायकोचा एकत्र देऊ?”

“एकत्रच दे,” व्हर्ना दातांवर दात ठेवून म्हणाली. “आणि मासेमारी खात्याला कळव. सदर परवान्यातून पती वगळण्यात यावेत. त्यांचा गळ आणि त्यांच्या वाटणीचे मासे मात्र अर्जदार पत्नीकडे कायम ठेवावेत, ही नम्र विनंती.”