बॉनेटच्या आड

बॉनेट वर गेलं आणि रवळूला शामूचं तोंड दिसेनासं झालं.

तोंड दिसत होतं तोवर ठीक होतं. गेलं वर्षभर तो लोकांच्या ओठांवरूनच ऐकत होता. निपाणीच्या हमरस्त्यावरच्या त्याच्या शेडमध्ये लांबलांबून गाड्या यायच्या त्या त्याच्या कानासाठी. इंजिनावर लाकडी दांडा टेकवायचा, दुसरं टोक कानाला. कुठं काय रडतंय ते रवळूआप्पा सांगणार. आता दांड्यातून काहीच येत नव्हतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं, तर शेडला कुलूप.

दुपार तंबाखूच्या धुळीत तरंगत होती. समोरून ट्रक जात होते, विहिरीतल्या माशांसारखे, आवाज न करता.

शामू बाजूनं पुढं आला. कुवेतहून आणलेली त्याची गाडी पावसाळाभर वखारीत उभी होती. आता खोकत होती, गुदमरत होती.

"समदे म्हनत्यात, ह्यात कंप्युटर हाय, आमच्या बाच्यानं बी जमायचं न्हाय. तुमी निस्ता कान लावा, आप्पा."

रवळूनं दांडा टेकवला. सवयीनं डोळे मिटले.

उघडले, तेव्हा शामूचे ओठ मिटत होते. काहीतरी विचारून झालं होतं.

"तिकडं कुवेतला कसं बघत्यात रं?" रवळूनं उलट विचारलं.

"तिकडं? ही दोन टोकं तारंनं जोडत्यात. मग आतला दिवा डोळं मिचकावून सांगतोय, कुठं दुखतंय ते. पर ह्येचा दिवा लागतच न्हाय."

रवळूनं खिडकीतून आत वाकून पाहिलं. दिव्याच्या जागी वाळलेल्या कुंकवाचा थर.

"आईचं काम!" शामू हसला. "खंडेनवमीला पुजली न्हवं. म्हनाली, ह्यो तांबडा डोळा लई टकामका बघतोय."

रवळूनं अंगठा ओला करून कुंकू पुसलं. तार जोडली.

लुक. लुक.

काळोख.

लुक. लुक.

पुन्हा पुन्हा तेच. न चिडता, न कंटाळता, बहिऱ्याला सांगावं तसं. रवळू बघतच राहिला. किती दिवसांनी एखादं इंजिन त्याच्याशी बोललं होतं.

"दोन आन् दोन," शामू म्हणाला. "पानी तापल्यालं कळवनारी वायर. ती तुटली की कंप्युटरला काय कळत न्हाय, इंजिन गरम हाय का गार. मग त्यो आपला अंदाजानं रेटतोय."

"अंदाजानं," रवळू म्हणाला.

वायर वखारीतल्या उंदरांनी कुरतडली होती. शामूनं गाडी बंद केली आणि आतच बसून राहिला. मधे पुन्हा बॉनेट. रवळूनं वायर सोलली, पीळ दिला, पट्टी गुंडाळली.

"चालू कर रं!"

मडगार्डवर तळवा ठेवला. थरथर आली. पायांखालून, हातातून, छातीपर्यंत. भरीव, एकसारखी, सुखाची.

"आता कसं ग्वाड वाजतंय बघ!" तो ओरडला आणि त्यानं बॉनेट आपटलं.

शेडला लगटून तंबाखूनं लादलेला ट्रक हळूहळू पुढं सरकत होता.

काचेपलीकडून शामू त्याच्याकडे बघत होता. किल्ली अजून त्याच्या तळहातावर होती.

रवळू फडकं शोधू लागला. फडकं खांद्यावरच होतं.

शामूनं मान खाली घातली. किल्ली लावली. या वेळी धूर आला, बॉनेट आपणहून थरथरलं. त्यानं नुसता हात उचलला आणि गाडी बाहेर काढली.

दुरुस्त होऊन निघालेल्या गाडीनं रस्त्याला लागताना हॉर्न द्यायचा, ही या शेडची रीत. रवळू दारात उभा राहिला. हॉर्न दिला की नाही, हे त्याला कळणार नव्हतं.

रस्त्याच्या कडेला गाडी थांबली. भर उन्हात मागचे तांबडे दिवे लागले.

लुक. लुक.

ऊन.

लुक. लुक.