नळी नको

"अकराच्या आत बाटली भरली नाही, तर आजींची लघवी नळी घालून घ्यावी लागेल," सिस्टर म्हणाली. झाकणाची छोटी बाटली तिने म्हाताऱ्याच्या हातात ठेवली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

म्हातारीने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. दोन दिवस ती त्याला ओळखत नव्हती. कधी भाऊ म्हणायची, कधी चोर. पण नळी हा शब्द तिला बरोबर कळला. मागच्या वर्षी चौघींनी हातपाय धरून तिला ती घातली होती. पुन्हा असं होऊ देणार नाही, असा शब्द त्याने तिला तेव्हा दिला होता.

शुक्रवारपर्यंत तिचं डोकं शाबूत होतं. तो रोज वृद्धाश्रमात यायचा आणि दोघं व्हरांड्यात पत्ते खेळायची. तो मांडीखाली एक्का लपवायचा. "काढा तो बाहेर," ती मान वर न करता म्हणायची. पन्नास वर्षांत त्याची एकही लबाडी तिच्यापुढे टिकली नव्हती. शनिवारी मात्र ती बदामाच्या राणीला पाणी पाजायला लागली.

"साठी बुद्धी नाठी. यांची तर ऐंशी उलटली," चादर बदलणारी मावशी हसत म्हणाली.

डॉक्टरांना वेगळी शंका होती. म्हातारपणी लघवीत जंतू झाले की कधी कधी ना ताप येतो, ना आग होते. माणूस एकदम भ्रमिष्टासारखा वागायला लागतो. जंतू निघाले तर औषधाने आठवड्यात फरक पडेल. नाही निघाले तर तिला खाली हलवावं लागेल. खाली म्हणजे कुलपातला विभाग. तिथे भेट फक्त रविवारी.

"निघतीलच हो," सिस्टर जाता जाता म्हणाली. "या वयात कुणाच्या लघवीत जंतू नसतात?"

त्या सोमवारी पावणेअकराला म्हातारा बायकोला धरून बाथरूममध्ये घेऊन गेला. आतून कडी लागली. नळ सोडल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी तो भरलेली बाटली घेऊन बाहेर आला.

"तुमचंच ऐकतात हो आजी," मावशी म्हणाली. "आमच्या वाट्याला नुसत्या शिव्या."

बुधवारी रिपोर्ट आला.

"अगदी स्वच्छ," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे औषधाची गरज नाही. हा सगळा वयाचा परिणाम. तरी पक्की खात्री हवी असेल तर नळी घालून परत एकदा घेऊ."

म्हातारी भिंतीकडे सरकली. म्हाताऱ्याने तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"नको," तो म्हणाला. "उगाच तिचे हाल."

दुपारी तिला खाली नेलं. ती ओरडत होती, म्हणून झोपेचं औषध दिलं. शुक्रवारी तिचं अंग गार पडलं. शनिवारी सकाळी ती गेली. भेटीचा दिवस दुसऱ्या दिवशी होता.

डॉक्टरांनी म्हाताऱ्याला खोलीत बोलावून खुर्ची दिली.

"जंतू रक्तात गेले होते," ते म्हणाले. "आले कुठून, तेच कळत नाही. लघवी तर स्वच्छ होती." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, तुम्ही त्यांच्यासाठी काही कमी केलं नाहीत. आता स्वतःकडे बघा. चेहरा किती उतरलाय. आलाच आहात तर तुमचंही रक्त, लघवी तपासून घेऊ."

"लघवी राहू द्या," म्हातारा म्हणाला. "माझी तुम्ही सोमवारीच तपासलीत."