हात केला की

पाच वर्षं बंद असलेली छोटी गाडी पुन्हा सुरू झाली, पण फक्त रविवारी आणि फक्त पर्यटकांसाठी. कोळशाचं इंजीन चालवता येणारा हाशमभाई तेवढा उरला होता, म्हणून त्याला सत्तरीत घरून बोलावून आणलं. पूर्वी बांधावरून कुणीही हात केला की तो गाडी थांबवायचा. वाटेतल्या गावांना तेवढंच स्टेशन होतं. आता रेल्वेच्या साहेबांनी बजावलं होतं, "हाशमभाई, पाचोरा सोडलं की मध्ये कुठेही ब्रेक लावायचा नाही. लोकांनी सहलीचं तिकीट काढलंय."

त्या रविवारी वळणावर रुपचंद आबा उभे दिसले. त्यांच्या पायाशी त्यांची बायको भिकुबाई पोट धरून आडवी पडली होती. आबांनी हात केला आणि ओरडले, "हाशमभाऊ, थांब रे, एसटी उनी नही, हिले दवाखानामा लई जानं शे."

हाशमभाईचा हात सवयीने ब्रेकवर गेला. शेजारी उभ्या साहेबांनी नुसती नकारार्थी मान हलवली, आणि त्याने हात मागे घेतला.

संध्याकाळी सगळे उतरून गेल्यावर त्याने चष्मा लावला आणि अभिप्रायाच्या वहीतलं शेवटचं पान वाचलं.



"पैसा वसूल सहल. इथली माणसं फार प्रेमळ. एक आजोबा तर गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्हाला हात करत उभे होते."